हप्ता थांबला तरी पॉलिसी तुटू नये

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, इंझोरीसारख्या गावात विमा म्हटलं की आधी पीकविमा आठवतो. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारने तो एका रुपयात दिला, २०२५ च्या खरिपापासून ती सवलत संपली आणि शेतकऱ्याला पुन्हा स्वतःचा हिस्सा भरावा लागला. आरोग्य विम्याची पॉलिसी त्या मानाने फार थोड्या घरांत असते: एखादा दुकानदार, एखादा नोकरदार, पुण्यात कंपनीत लागलेल्या मुलाचे आईवडील. पण ज्या घरात ती आहे तिथे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. यंदा हप्त्याला पैसे नाहीत, मग पॉलिसी बंद करायची की काही महिने थांबवून ठेवता येते?

भारतात या प्रश्नाचं आजचं उत्तर ‘थांबवता येत नाही’ असं आहे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, २०२४ मध्ये आरोग्य विम्याचे नियम नव्याने लिहिले. ग्राहकाच्या बाजूने त्यात बरंच आलं, पण पॉलिसी स्थगित ठेवण्याचा हक्क त्यात नाही. पॉलिसी चालू असते, नाहीतर संपलेली असते. गरज मात्र अनेकांना या दोन्हींच्या मधल्या अवस्थेची असते. माझ्या मते आपल्या आरोग्य विम्यातली ही मोठी उणीव आहे आणि तिची झळ शहरातल्या पगारदारापेक्षा शेतीवर जगणाऱ्या घराला जास्त बसते.

आयुर्विम्यात ही मधली अवस्था पूर्वीपासून आहे. ठराविक वर्षं हप्ते भरलेली पॉलिसी पुढे हप्ता न भरताही कमी रकमेने टिकते, तिला ‘पेड-अप’ म्हणतात. हप्ता चुकून बंद पडलेली पारंपरिक पॉलिसी पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत, अटी पाळून, पुन्हा सुरू करता येते. गावोगावचे एलआयसी एजंट ही कामं वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यामुळे लोकांना वाटतं की मेडिक्लेमही तसाच असणार: आत्ता राहू दे, दिवाळीनंतर दंड भरून चालू करू. नेमका इथेच घात होतो. मेडिक्लेमच्या हप्त्यातून तुमच्या नावावर शिल्लक साठत नाही. तो करार वर्षावर्षाचा असतो आणि भरलेला हप्ता मुख्यतः त्या वर्षाच्या जोखमीपोटी खर्ची पडतो.

मग पॉलिसी तुटल्यावर नेमकं जातं काय? पैसे जात नाहीत. उलट, नव्या नियमांनुसार सात दिवसांची लेखी सूचना देऊन एक वर्षाची पॉलिसी मधेच रद्द केली आणि त्या वर्षी क्लेम घेतलेला नसला, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. जातो तो वेळ. पॉलिसी घेताना मधुमेह, रक्तदाब असे आजार आधीपासून असतील तर त्यांच्यासाठी प्रतीक्षा काळ असतो. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असे, आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं यांसारख्या उपचारांसाठीही वेगळा काळ थांबावं लागतं. सलग ६० महिने पूर्ण झाले की ‘तुम्ही अमुक आजार लपवला’ असं म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. हा काळ पूर्वी आठ वर्षांचा होता. हे सगळे महिने सलग मोजले जातात. खंड पडला की मोजणी शून्यावर येते.

समजा, इंझोरीतल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाने साडेचार वर्षं पॉलिसी चालवली. मधुमेहाचा प्रतीक्षा काळ संपला, साठ महिने भरायला सहा महिने उरले. त्या जूनमध्ये पेरणी, मुलीची फी आणि हप्ता एकत्र आले आणि हप्ता राहिला. दीड वर्षाने हात मोकळा झाला म्हणून तो पुन्हा अर्ज करतो. आता त्याचं वय वाढलेलं आहे, हप्ता जास्त आहे, वैद्यकीय तपासणी नव्याने होणार आहे. कंपनी अर्ज नाकारूही शकते. अर्ज मंजूर झालाच तर मधुमेहासाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबायचं. क्लेम न घेतल्याबद्दल साठलेला बोनसही गेलेला असतो. चार-पाच वर्षं शिस्तीने हप्ते भरलेल्या माणसाची ही अवस्था होते ती केवळ एका वाईट हंगामामुळे.

वाईट हंगाम वाशीम जिल्ह्याला नवा नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदवलेल्या १४ जिल्ह्यांत वाशीम आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात अनेक ठिकाणी माल त्याच्या खाली विकला गेला. घरात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. मग कापसाच्या वेचण्यांप्रमाणे थोडाथोडा येतो आणि शेवटी तुरीचा. मार्चनंतर आवक आटत जाते आणि जूनमध्ये बियाणं, खत, शाळा हे सगळे खर्च एकदम येतात. मे ते सप्टेंबर या काळात ज्याच्या पॉलिसीची तारीख येते, त्याची पॉलिसी तुटण्याचा धोका आळसामुळे नव्हे, पीक-वेळापत्रकामुळे जास्त असतो. मासिक पगाराची सवय असलेल्या व्यवस्थेने नियम आखले की ही गोष्ट नजरेतून सुटते.

आज हातात जी सवलत आहे ती ‘ग्रेस पिरियड’ची. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवस, मासिक हप्त्याला १५ दिवस. या मुदतीत हप्ता भरला तर खंड धरला जात नाही, जुने महिने शाबूत राहतात. मात्र इथे एक बारकावा आहे आणि एजंटही तो नीट सांगत नाहीत. वर्षाचा हप्ता एकरकमी भरणाऱ्याला त्या मधल्या दिवसांत संरक्षण नसतं. त्या दिवसांत दवाखान्यात भरती झालात तर क्लेम मिळत नाही. हप्ते पाडून भरणाऱ्याला मात्र २०२४ च्या नियमांनुसार ग्रेसच्या दिवसांतही संरक्षण मिळतं. म्हणजे एकरकमी भरणाऱ्याच्या बाबतीत ग्रेस पिरियड ही एक महिन्याची छोटी स्थगितीच आहे: संरक्षण थांबतं, हक्क टिकतो. तत्त्व मान्य झालेलंच आहे. वाद फक्त मुदतीचा उरतो.

मुदत वाढवता येते हेही एकदा दिसलेलं आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे आधी हप्ता, मग जोखीम, असा दंडक आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लोकांना हप्ता भरणं अशक्य झालं. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एप्रिलमध्ये दोनदा अधिसूचना काढली. २५ मार्च ते ३ मे या काळात मुदत संपणाऱ्या आरोग्य पॉलिसींचा हप्ता १५ मेपर्यंत भरला तर मूळ तारखेपासून संरक्षण सलग धरलं जाईल, असं शेवटी ठरलं. देशभरासाठी काढलेली ही सवलत थोड्या दिवसांची होती, पण तिने दाखवून दिलं की संकटाचं कारण खरं असेल तर तारीख पुढे सरकवल्याने विमा व्यवसाय कोलमडत नाही. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या तालुक्यात कर्जवसुलीला स्थगिती देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्याच यादीत आरोग्य विम्याचा हप्ता का नसावा, याचं पटणारं कारण मला सापडत नाही.

बाहेरच्या देशांत स्थगितीची सोय कशी आहे ते थोडक्यात पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात खासगी दवाखाना-विमा उशिरा घेणाऱ्याला जादा भार लागतो. १ जुलै २००० पासूनच्या या नियमाप्रमाणे वयाच्या तिशीनंतर विमा नसलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्के, कमाल ७० टक्के. त्यामुळे पॉलिसी रद्द करणं तिथेही महाग पडतं. पण परदेशी जाणाऱ्याला आणि बऱ्याचदा आर्थिक अडचणीत सापडलेल्यालाही कंपन्या पॉलिसी स्थगित ठेवू देतात. कंपनीच्या संमतीने झालेला हा काळ खंड म्हणून मोजला जात नाही. स्थगितीत क्लेम नाही आणि प्रतीक्षा काळही पुढे सरकत नाही. जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो.

जर्मनीत खासगी विमा असलेला माणूस परदेशी गेला किंवा काही काळ सरकारी विम्याखाली आला तर तो ‘आन्वार्टशाफ्ट’ नावाचा करार करतो. थोडी रक्कम भरत राहायची आणि परत येण्याचा हक्क राखून ठेवायचा. त्याचे दोन प्रकार आहेत. लहान प्रकारात परतताना आरोग्य तपासणी होत नाही, पण हप्ता परततानाच्या वयाप्रमाणे लागतो. मोठ्या प्रकारात म्हातारपणासाठी साठवलेल्या रकमेचा फायदाही टिकतो, म्हणून तो महाग. आपल्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. भारतीय मेडिक्लेममध्ये म्हातारपणासाठी अशी वेगळी साठवण होत नाही, त्यामुळे मोठ्या प्रकाराचा प्रश्नच येत नाही. राखून ठेवायची ती एकच गोष्ट: तपासणीशिवाय आणि मोजणी शून्यावर न येता परत येण्याचा हक्क. त्याची किंमत पूर्ण हप्त्याच्या मानाने थोडीच असायला हवी.

कंपन्यांचा आक्षेप मात्र खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. स्थगिती फुकट आणि मोकळी ठेवली तर माणूस धडधाकट असताना पॉलिसी थांबवेल आणि छातीत दुखू लागलं की चालू करेल. मग हप्ते भरणाऱ्यांच्या पैशांतून न भरणाऱ्यांचे उपचार होतील आणि सगळ्यांचेच हप्ते वाढतील. म्हणूनच जिथे ही सोय आहे तिथे अटीही आहेत: आधी काही काळ पॉलिसी चाललेली असावी, कारण दाखवावं, मुदत ठरलेली असावी, वारंवार थांबवता येऊ नये. पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पॉलिसीसारखे पहिले ३० दिवस अपघात सोडून क्लेम नाही, एवढी एक अट आपल्याकडे घातली तरी आयत्या वेळच्या धावपळीला बराच आळा बसेल.

स्थगितीच्या काळात घर उघडं पडतं, ही यातली सगळ्यात गंभीर गोष्ट. इथे महाराष्ट्राची परिस्थिती वेगळी आहे आणि तिची दखल विमा धोरणाने अजून घेतलेली नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या जोडीला वाशीमसह १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्याच्या आधारे तिच्यात जागा होती. तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती. जुलै २०२३ मध्ये सरकारने निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षीपासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक व अधिवासी कुटुंबांसाठी दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण लागू झालं. १,३५६ उपचार तिच्यात होते आणि २०२५ मध्ये यादी आणखी वाढवण्याचा निर्णय झाला. सत्तर वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, खासगी पॉलिसी असली तरीही.

त्यामुळे महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाने खासगी पॉलिसी वर्षभर थांबवली तरी पायाखालची जमीन पूर्ण जात नाही. मात्र फुले योजनेने खासगी पॉलिसीची जागा भरून निघते असं समजणं चूक ठरेल. उपचार यादीतलाच असावा लागतो, दवाखाना योजनेत असलेलाच लागतो, काही उपचार सरकारी रुग्णालयांपुरते राखीव असतात. मानोऱ्याहून रुग्ण न्यायचा तर कारंजा, वाशीम, अकोला, यवतमाळ यांपैकी कुठे, हे आजारावर ठरतं आणि ऐन वेळी योजनेच्या मदतनिसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, चौकशी करत बसावं लागतं. वाशीमला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण महाविद्यालय सुरू होणं आणि तिथे सगळ्या शस्त्रक्रिया होऊ लागणं यांत वर्षं जातात. सांगायचं एवढंच की या योजनेमुळे स्थगितीतला धोका कमी होतो. पॉलिसी कायमची सोडण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

स्थगितीचा हक्क नसताना आज काय करता येतं, याचा विचार नूतनीकरणाच्या नोटिशीनंतर नव्हे, दोन महिने आधी करायला हवा.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे पॉलिसी लहान करणं. दहा लाखांची पॉलिसी असेल तर नूतनीकरणाच्या वेळी ती पाच किंवा तीन लाखांवर आणता येते का, हे कंपनीला लेखी विचारावं. तेवढ्या रकमेपुरते जुने महिने टिकतात. पुढे रक्कम वाढवली तर वाढीव भागासाठी प्रतीक्षा काळ नव्याने लागतो, मूळ भागासाठी नाही. हक्क राखण्याचं काम छोटी पॉलिसीही तितकंच चोख करते. त्याच कंपनीच्या स्वस्त योजनेत स्थलांतर करता येतं, त्यातही भरलेले महिने मोजले जातात. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही एकसारख्या अटींची साधी पॉलिसी अशा वेळी विचारात घ्यावी. तिच्यात क्लेमच्या पाच टक्के रक्कम आपण भरायची असते.

दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी नेण्याची सोय, म्हणजे पोर्टेबिलिटी, १ ऑक्टोबर २०११ पासून आहे. तिचा आधार घ्यायचा तर जुनी पॉलिसी चालू असतानाच अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी दीड महिना हाताशी ठेवलेला बरा. मुदत संपल्यावर पोर्ट करायला काही उरत नाही. नवी कंपनी अर्ज नाकारूही शकते, म्हणून तिचा होकार लेखी येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये.

एका घराच्या एकत्रित पॉलिसीत सगळ्यांचा हप्ता झेपत नसेल तर कोणाचं नाव ठेवायचं हा कठीण निर्णय असतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला आजार आहे आणि ज्याचा प्रतीक्षा काळ संपत आलाय, त्याचं नाव आधी वाचवावं. धडधाकट तरुणाला उद्या नवी पॉलिसी सहज मिळेल. मधुमेह असलेल्या आईला मिळेलच असं नाही. घरोघरी नेमकं उलटं होतं, कमावत्या मुलाचं नाव राहतं आणि आईचं गळतं. ‘आता माझ्यासाठी कशाला खर्च’ असं आईच म्हणते आणि ते ऐकलं जातं. ते ऐकू नये.

पीक चांगलं आलेल्या वर्षी दोन किंवा तीन वर्षांचा हप्ता एकदम भरता येतो, बहुतेक कंपन्या त्यावर थोडी सूटही देतात. कापूस-तुरीचे पैसे हातात असताना पुढची दोन वर्षं पक्की झाली तर एखादा हंगाम बुडला तरी पॉलिसी बुडत नाही. ज्यांची जमवाजमव महिन्याची आहे त्यांनी हप्ते पाडून घ्यावेत. एक दिलासा अलीकडचा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी इर्डाशी बोलावं, असाही नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. साठीतल्या आईवडिलांची पॉलिसी हप्ता अचानक फुगल्यामुळे सोडावी लागण्याचा धोका त्याने काहीसा कमी झाला.

पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि पॉलिसी सोडण्याची चूक सर्वांत जास्त तिथे होते. नोकरी लागली, कंपनीने गटविमा दिला, मग घरची जुनी पॉलिसी कशाला, असा विचार होतो. गटविमा नोकरीसोबत संपतो. आईवडिलांची नावंही त्यातच असतील तर गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचं संरक्षण पुण्यातल्या एका राजीनाम्यावर टांगलेलं असतं. नोकरी सुटताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय असतो आणि गटविम्यातले महिने मोजून घेता येतात, पण तो अर्ज शेवटच्या दिवसाच्या आत करायला हवा. गटविमा असताना जुनी पॉलिसी लहान करून चालू ठेवणं हीच या मंडळींसाठी आजची व्यवहार्य स्थगिती. कायम परदेशी गेलेल्यांनीही हाच हिशोब करावा: आपण परत येणार असू तर पन्नाशीत नव्याने अर्ज करण्यापेक्षा छोटी पॉलिसी जगवणं परवडतं.

मुदत उलटलीच असेल तर ग्रेसच्या ३० दिवसांत, लागले तर उसने पैसे घेऊन, हप्ता भरावा. तेही दिवस गेले असतील तर कारणासह लेखी अर्ज करावा. कंपनीने चुकीने खंड धरला, नोटीस पाठवलीच नाही, भरलेला हप्ता वेळेत जमा केला नाही, अशी तक्रार असेल तर आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात.

हे सगळे मार्ग जाणकाराचे आहेत. ज्याच्याकडे चांगला एजंट आहे, ज्याला मराठीत छापलेली नसलेली पॉलिसी वाचता येते, त्याचे. नियम असा हवा की न जाणणाराही वाचेल. तीन वर्षं सलग चाललेली पॉलिसी, आयुष्यात दोनदा, एका वेळी बारा महिन्यांपर्यंत, हप्त्याचा अगदी छोटा भाग भरून थांबवता यावी. त्या काळात क्लेम नसावा, मोजणी थांबावी पण पुसली जाऊ नये, परत सुरू करताना तपासणी नसावी. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या तालुक्यात तो छोटा भागही माफ असावा आणि ग्रेसचे ३० दिवस आपोआप ९० व्हावेत. यासाठी इर्डाला एक परिपत्रक काढावं लागेल. त्याच्याही आधी, कुठलाही नियम न बदलता, एखादी विमा कंपनी शेतकरी ग्राहकाला पॉलिसी घेतानाच विचारू शकते की नूतनीकरणाची तारीख जूनमध्ये हवी की डिसेंबरमध्ये, आणि पहिल्या वर्षाचा हप्ता तेवढ्या महिन्यांच्या हिशोबाने घेऊ शकते.